चाकांची पारख

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवतात, तिला मराठीत 'धाव' असे मोठे अर्थपूर्ण नाव आहे. भूमीशी खरा संबंध येतो तो तिचा; झिजते ती आणि चाकाला फुटण्यापासून राखते तीही तीच. पुढे १८८७-८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेने भरलेली रबरी धाव तयार केली आणि हळूहळू लोखंडाची जागा रबराने घेतली. पदार्थ बदलला, वेग बदलला. परंतु जुन्या सुताराला आणि लोहाराला जे दोन प्रश्न पडत, ते काही बदलले नाहीत. गाडी कोणत्या वाटेने जाणार, आणि तिच्यावर ओझे किती पडणार?

हे आज लिहिण्याचे कारण असे की, आपल्या इंदूर-देवास-ग्वाल्हेरकडील तरुण कुटुंबांत अलीकडे दूरच्या प्रवासाची हौस वाढली आहे. चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावी आणि मुलाबाळांसह थेट लडाख गाठावे, असे बेत घरोघरी ऐकू येतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा असाच बेत आहे. बरोबर पत्नी, दोन मुले आणि धाकटा बंधू. टायरच्या दुकानात त्यांना खोल खाचांचे रुंद टायर आणि मिश्रधातूची चकचकीत चाके दाखवण्यात आली. बंधूंना ती अतिशय आवडली. पत्नीने किंमत ऐकून नापसंती दर्शवली. आणि निवाड्यासाठी प्रकरण आमच्याकडे आले.

मराठीच्या मास्तराला चाकांतले काय कळते, अशी शंका वाचकांस येईल. परंतु सरकारी शाळेतील शिक्षकाला निवडणुकीच्या कामावर जावे लागते, आणि झाबुआ-अलिराजपूरच्या डोंगरवाटांनी जीपमधून मतदान केंद्रे गाठण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत. आम्ही मतदान यंत्रावरील मोहोर तपासत असू, तेव्हा चालक स्टेपनीवर अंगठा दाबून पाहत असे. आपापल्या जबाबदारीची जाण दोघांनाही सारखीच होती. त्या चालकांकडून जे शिकलो आणि पुढे जे वाचून पडताळले, ते येथे मांडतो.

प्रथम वाटेचा हिशेब करू. इंदूरहून ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, चंडीगड, मनाली ह्या मार्गाने लेहला जाऊन, आसपासचा प्रदेश पाहून परत येणे म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटरांचा प्रवास. त्यात खरी खडबडीत वाट किती? २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळली आहे. पुढे बारालाचा ला, लाचुंग ला आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीची टांगलांग ला ह्या खिंडींच्या मार्गावर उखडलेले तुकडे लागतात, दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून वाहणारे नाले लागतात, धारदार दगड लागतात. तरीही साऱ्या प्रवासाचा फार मोठा भाग डांबरी रस्त्याचाच असतो. मनुष्य मात्र टायर निवडताना त्या चार-दोन नाल्यांचेच चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. लग्नाच्या एका दिवसाचा शालू नेसून वर्षभर स्वयंपाक करावा, तसा हा प्रकार होय.

टायरच्या नक्षीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला केवळ पक्क्या रस्त्याचा: खाचा उथळ, आवाज कमी, डांबरावर पकड उत्तम. दुसरा चिखलाचा: रबराचे उंच गठ्ठे आणि त्यांमध्ये रुंद मोकळ्या खाचा. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात साध्या टायरच्या खाचा भरून टाकते आणि तो गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. चिखलाचा टायर फिरता फिरता ती माती झटकून टाकतो, हे त्याचे सामर्थ्य. परंतु हाच टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतो, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेतो, लवकर झिजतो, इंधन अधिक खातो आणि दिवसभर कानाशी घोंघावतो. तिसरा प्रकार दोहोंच्या मधला, सर्व वाटांसाठीचा. दुकानदार त्याला 'ऑल टेरेन' म्हणतात. खाचा पुरेशा खोल, तरी रबराचे गठ्ठे एकमेकांना लागून. लडाखच्या कौटुंबिक प्रवासाला हा मधला मार्गच योग्य. गाडीबरोबर आलेले रस्त्याचे टायर चांगल्या स्थितीत असतील, तर मुख्य मार्गावर तेही निभावून नेतात. मात्र धारदार दगडांपुढे मधल्या प्रकाराची जाड कूस अधिक टिकते, आणि कुशीला गेलेला छेद पंक्चरवाल्याला भरवशाने बुजवता येत नाही.

रुंदीचा मोह हा दुसरा प्रश्न. १९५५-५६ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर गाड्या लंडनहून थेट सिंगापूरपर्यंत नेल्या. त्या गाड्यांचे टायर आजच्या मानाने अरुंदच होते. मनुष्य कोठवर पोहोचतो, हे टायरच्या रुंदीवर ठरत नाही.

आता टायरवरील लिपी वाचायला शिकू. समजा, कुशीवर २४५/७५ आर १६ असे छापले आहे. ह्यातील २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कुशीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. महिंद्रने २०२० साली आणलेल्या थार गाडीत हे माप होते आणि २५५/६५ आर १८ हेही होते. दुसऱ्या मापात रिम दोन इंचांनी मोठी, पण कूस सुमारे १६६ मिलिमीटरच. डोळ्यांना मोठी रिम भारदस्त दिसते. परंतु दगडाचा आघात झेलते ती हवेने भरलेली कूस. कूस जितकी उंच, तितका खड्ड्यात रिम वाकण्याचा संभव कमी, आणि रेतीत हवा कमी करण्यास वाव अधिक. म्हणून एकाच गाडीसाठी कंपनीने दोन मापे मान्य केली असतील, तर लांबच्या खडबडीत प्रवासाला लहान रिमचे माप घ्यावे.

कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेर मात्र जाऊ नये. व्यास शेकडा पाचांनी वाढवला, तर काटा ताशी ८० दाखवील तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल. ब्रेकवर आणि यंत्रावर भार वाढेल. वळणात टायर घासेल. शिवाय चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत. एक चाक मोठे आणि एक लहान असेल, तर ती वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ती ओढाताण आतल्या दात्यांना सोसावी लागते.

मापाच्या पुढेच एक अंक आणि एक अक्षर असते. त्याकडे बहुधा कोणी पाहत नाही. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच. १०४ हा अंक असेल, तर तो टायर योग्य हवेवर ९०० किलो भार उचलू शकतो. ९१ असेल, तर ६१५ किलो. पुढील अक्षर वेगाची मर्यादा सांगते: 'एस' म्हणजे ताशी १८०, 'एच' म्हणजे २१०. आता गणित मांडू. गाडी स्वतः १,८०० किलोची धरा. पाच माणसे ३२० किलो, सामान १८० किलो, टपावरचा सांगाडा, जादा चाक आणि इंधनाचे डबे मिळून १०० किलो. एकूण २,४०० किलो. त्यांपैकी मागील दोन चाकांवर १,३५० किलो आले, तर प्रत्येकावर ६७५. ९१ अंकाचा टायर येथेच नापास झाला. १०४ अंकाचा उत्तीर्ण झाला. वर उरलेले सव्वादोनशे किलो खड्ड्यांच्या आघातांसाठी राखीव समजावेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपली गाडी सारे सामान आणि माणसे भरून एकदा धर्मकाट्यावर न्यावी, पुढील आणि मागील चाकांचे वजन वेगवेगळे घ्यावे, आणि गाडीच्या पाटीवर दिलेल्या कमाल भाराशी ते ताडून पाहावे. खर्च थोडका, ज्ञान मोठे.

ह्याच वाटेवर, दिल्लीहून चंडीगडकडे जाताना, पानिपत लागते. १७६१ साली तेथे मराठी सैन्याबरोबर लढवय्यांखेरीज यात्रेकरू आणि बाजारबुणगे ह्यांचा प्रचंड तांडा होता, आणि तो भार सेनेला जड गेला, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या मैदानावरून जाताना गाडीच्या टपावर आपण कोणती बुणगी लादली आहेत, ह्याचा विचार अवश्य करावा. घडीच्या खुर्च्या, मोठी शेगडी, तीन-तीन पेट्या. टपावरील प्रत्येक वस्तू टायरला दाबते आणि वळणावर गाडीचा तोल वर नेते.

भाराचे एवढे पाल्हाळ लावण्याचे कारण सांगतो. लडाखचा धोका खिंडीत आहे, असा सार्वत्रिक समज आहे. रस्ता, हवामान आणि विरळ हवा ह्यांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु टायरच्या दृष्टीने पाहिले, तर खिंडीत गाडी ताशी वीस-तीसच्या वेगाने चालते आणि हवा थंड असते. टायरचा खरा वैरी आहे उष्णता. जून महिन्यात ग्वाल्हेर-आग्र्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. डांबर त्याहून तापते. अशा रस्त्यावर ओव्हरलोड झालेली, कमी हवेची गाडी ताशी शंभराने तासन्तास पळवली, तर टायरची कूस प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्याने आत आणखी उष्णता साठते, रबर आणि आतील धागे एकमेकांपासून सुटू लागतात, आणि एका क्षणी टायर फुटतो. सपाट, सरळ, सुंदर महामार्गावर. खिंडीच्या भीतीने ज्यांनी चिखलाचे टायर चढवले, त्यांची मुले ह्या महामार्गावरच सर्वाधिक वेळ त्या गाडीत बसलेली असतात. म्हणून निवड करावी ती ह्या तापलेल्या, भारलेल्या दोन दिवसांसाठी; नाल्याचा विचार त्यानंतर.

हवा भरण्याचे नियम थोडे आणि सोपे आहेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पाटी असते. कमी माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भारासाठी दुसरा. प्रवासात दुसरा पाळावा. टायरच्या कुशीवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा होय. ती शिफारस नव्हे. हवा सकाळी, गाडी तीन-चार तास उभी राहिल्यानंतर तपासावी. चालल्याने टायर तापतो आणि दाब चार-पाच पौंडांनी वाढतो. तो वाढलेला पाहून हवा काढून टाकणे ही मोठी चूक. रेडियल टायरचे पोट मुळातच किंचित फुगलेले दिसते, म्हणून पायाने ठोकून किंवा नुसत्या नजरेने दाब कळत नाही. स्वतःचे मापक बाळगावे.

येथे एक कुतूहलाची गोष्ट. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून टायर फुगून फुटेल, असे सांगणारे बरेच भेटतात. हिशेब करून पाहू. इंदुरात तीस अंशांच्या सकाळी टायरमध्ये ३२ पौंड दाब भरला. पाच हजार मीटर उंचीवर बाहेरचा दाब इंदूरपेक्षा सुमारे ६ पौंडांनी कमी. तेवढे मापक अधिक दाखवील. परंतु तेथे पहाटे शून्य अंश थंडी असेल, तर आतली हवा आकसून दाब साडेचार पौंडांनी उतरेल. हाती राहिले ३३ ते ३४. निसर्गाने एका हाताने दिले, दुसऱ्याने परत घेतले! दुपारी उन्हाने आकडा आणखी वर जातो, तरी टायरच्या सामर्थ्याच्या दृष्टीने ती वाढ किरकोळच. तेव्हा वर गेल्यावर घाबरून हवा सोडू नये. सोडल्यास खाली उतरताना तोच टायर अर्धपोटी राहील. नायट्रोजनचाही आग्रह नको. साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, आणि साधी हवा सर्वत्र मिळते.

हवा मुद्दाम कमी करण्याचा प्रसंग एकच, मऊ रेतीचा. तेथे दाब वीस पौंडांच्या आसपास आणला, तर टायर पसरून रुततो कमी. मात्र वेग अगदी मंद हवा, आणि डांबरावर येताच बरोबरच्या लहान पंपाने हवा पूर्ववत करावी. असा पंप नसेल, तर हवा काढूच नये. आणखी एक विनंती. लडाखच्या कुरणांत, सरोवरांच्या काठी, रूढ वाट सोडून गाडी घालू नये. चाकोरी हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो; परंतु त्या विरळ गवताच्या प्रदेशात चाकाने पाडलेला व्रण वर्षानुवर्षे भरत नाही. तेथे चाकोरीतून चालणे हेच सभ्यपण.

राहता राहिली चाके आणि स्टेपनी. मिश्रधातूचे चाक दिसायला देखणे आणि बहुधा वजनाला हलके. परंतु जबर आघाताने त्याला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेले चाक रस्त्यावर सुधारता येत नाही. पोलादी चाक वाकते, आणि वाकलेले चाक हातोड्याने ठोकून निदान पुढच्या गावापर्यंत नेता येते. केलाँग सोडल्यावर लेह सुमारे साडेतीनशे किलोमीटर राहते आणि मध्ये वस्ती अत्यंत विरळ आहे. त्या टापूत बसलेल्या एखाद्या पंक्चरवाल्याला जे दुरुस्त करता येईल, तेच चाक आणि तोच टायर आपला. खरेदी करताना शहरातील दुकानदारापेक्षा त्या दूरच्या कारागिराचा सल्ला मनातल्या मनात घ्यावा. विचित्र मापाचा टायर तेथे कोणापाशी मिळणार?

'स्टेपनी' ह्या शब्दाची कथाही रंजक आहे. आरंभीच्या मोटारींत जादा चाक नसेच. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ साली जादा चाक तयार करण्याचा धंदा सुरू झाला, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या भाषेत कायमचे वस्तीला आले. परका शब्द आपलासा झाला, कारण वस्तू नडीची होती. अलीकडे काही गाड्यांत स्टेपनी बारीक असते, काहींत नसतेच. अशा प्रवासाला पूर्ण मापाची, त्याच प्रकारच्या टायरची स्टेपनी हवी. मुख्य मार्गावर एक पुरते. झांस्करसारख्या आडवळणी जायचे असेल, तर दोन न्याव्यात. बरोबर ट्यूबलेस टायरमध्ये भरण्याच्या रबरी वाती, मजबूत जॅक, मऊ जमिनीवर जॅकखाली ठेवण्यास फळी, आणि नटांना नेमका बसणारा पाना असावा. घरच्या अंगणात एकदा चाक बदलून पाहावे. पाना बसत नाही हे बारालाचाला कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

टायरचे वयही पाहावे. कुशीवरील क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात नुसता पडून राहिलेला टायरही कालांतराने कठीण होतो. पाच वर्षांवरचा टायर ह्या प्रवासाला नेऊ नये. नियमाने खाच निदान १.६ मिलिमीटर हवी. परंतु पाण्यातून जायचे असल्यास चारांहून कमी खाचेवर आम्ही भरवसा ठेवणार नाही. नवे टायर निघण्याच्या आदल्या दिवशी बसवू नयेत. त्यांवर काही शे किलोमीटर आधी चालवावे, चाकांचा समतोल आणि रोख तपासून घ्यावा, आणि पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर नट पुन्हा आवळावेत.

तेव्हा आमचा निवाडा असा: माप कंपनीचे, टायर मधल्या प्रकारचा, भाराचा अंक भरपूर, चाके पोलादी. ह्यात वाचलेल्या पैशांतून हवेचा पंप आणि मापक घ्यावे, आणि टपावरची एक पेटी घरीच ठेवावी. बंधूंना गाडी थोडी साधी दिसेल. घाटात तिच्याकडे पाहण्यास कोणी थांबणारही नाही.

आणि एक काम मुलांकडे सोपवावे. एक वही करावी, तीत पाचही चाकांचे रकाने आखावेत, आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी मुलांनी मापक लावून आकडे लिहावेत. एखाद्या चाकाचा आकडा दोन दिवस सारखा उतरत असेल, तर खिळा कोठे रुतला आहे, हे वडिलांच्या आधी मुलांना कळेल. पाच मिनिटांचे काम आहे. पण ज्या गाडीत आपण बसतो तिची काळजी आपणच घ्यायची असते, हा धडा शाळेच्या पुस्तकात इतक्या सोप्या रीतीने सापडणार नाही.